देवरामच्या मागे उभी कुसाबाई

या, असे जवळ सरका. दारातच काय बसलात? मागच्यांना पुढं येऊ द्या, लेकुरवाळ्यांना भिंतीशी टेकायला जागा करा, आणि मग सगळे कान इकडं. आज जी गोष्ट सांगायची आहे ती राजाराणीची नाही आणि साधुसंतांचीही नाही. ती आहे कॉम्प्युटरवाल्यांची. हसा, हसून घ्या. पण देव कुठं उभा राहील याचा कुणी नेम सांगावा? एकदा तो नाशकात कॅनडा कॉर्नरजवळ एका चहाच्या टपरीवर, उष्ट्या ग्लासांच्या रांगेत उभा राहिला होता. जयराम अजूनही छातीवर हात ठेवून सांगतो.

हा जयराम सुरगाण्याकडच्या डोंगरातला, पाड्यावरचा पोरगा. आई लहानपणीच गेली. मावशीनं, कुसाबाईनं, त्याला नागलीच्या भाकरीवर वाढवला. तो आश्रमशाळेत शिकला, पुढं नाशकात वसतिगृहात राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, आणि सन दोन हजार चारच्या सुमाराला मनोजसरांच्या छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागला. गावी सप्ता बसला की मात्र रजा टाकून हजर. दिवसा पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढायचं, संध्याकाळी कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरायचा. टाळाच्या बाबतीत बेताचाच होता, पण वाढपी म्हणून त्याचं नाव होतं.

आणि कंपनीत त्याचं नाव होतं ते लूपसाठी. म्हणजे काय, ते साध्या शब्दांत ऐका. कॉम्प्युटरला माणसांच्या नावांची रांग दिली, की तिच्यावर बोट ठेवत चालायचं. पहिल्या जागेवर कोण आहे? त्याचं हे करा. झालं? आता बोट दुसऱ्या जागेवर. मग तिसऱ्या. रांग संपेपर्यंत हा फेरा चालू. एकेक पाऊल, एकेक हुकूम. जयरामचे फेरे घड्याळासारखे चालायचे. मनोजसर त्याला लूपसम्राट म्हणायचे आणि तोही ते नाव आवडीनं मिरवायचा.

त्याच्या शेजारच्या टेबलावर मीना पगारे बसायची. नाशिकरोडच्या वसाहतीतली. वडील प्रेसमध्ये कामगार, आणि विहाराच्या गायनपार्टीचे मुख्य गायक. पोरगी बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला चहा गार होईपर्यंत विचार करायला लावायची. कॉलेजच्या लायब्ररीत एका धूळ खात पडलेल्या पुस्तकातून तिनं प्रोग्रॅम लिहिण्याची निराळीच रीत उचलली होती. त्या रीतीला फंक्शनल म्हणतात. तीत बोट कुठं ठेवायचं ते सांगत बसायचं नाही. आपल्याला हवंय काय, तेवढं नेमकं सांगायचं. मीनाचे प्रोग्रॅम चार ओळींत संपायचे, आणि म्हणून सगळे तिची चेष्टा करायचे.

"मीना मंत्र म्हणते आणि काम होतं," मनोजसर म्हणायचे.

"मला सांग मीना, एवढ्याशा ओळीत काम झालं तर उरलेला दिवस तू करतेस काय?" जयराम विचारायचा.

"तुझ्या लूपमधल्या चुका शोधते," ती मान वर न करता म्हणायची.

आता काम काय आलं ते पाहा. डोळ्यांची एक सेवाभावी संस्था डोंगरातल्या गावोगाव शिबिरं घ्यायची. मोतीबिंदू तपासायचा, पिकला असेल त्याला गाडीत बसवून नाशकाला आणायचं, फुकट ऑपरेशन करायचं, आणि काळा चष्मा घालून घरी पोचवायचं. माणसं वाढली, हातानं निवड करताना डॉक्टरांची दमछाक व्हायला लागली, म्हणून संस्थेनं मनोजसरांकडून प्रोग्रॅम करून घ्यायचं ठरवलं. आपल्याच तालुक्याच्या म्हाताऱ्यांचं काम म्हणून जयरामनं ते मागून घेतलं. त्यानं फेरा असा बांधला: शिबिरात आलेल्या सगळ्यांची रांग, तिच्यावर बोट चालणार. बोटाखालच्या माणसाचा मोतीबिंदू पिकलेला असला आणि त्याला भूल चालणार असली, तर त्याला या रांगेतून उचलायचं आणि ऑपरेशनच्या रांगेत नेऊन ठेवायचं. फेरा संपल्यावर पहिल्या रांगेत जे उरतील त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब द्यायचे आणि सांगायचं, पुढच्या वर्षी या.

देवळाली कॅम्पला पहिलं शिबिर झालं, कुणाची तक्रार आली नाही. मग गाड्या डोंगरात चढल्या. सुरगाण्याकडून पिकल्या डोळ्यांची माणसं येऊ लागली आणि काळे चष्मे घालून परत जाऊ लागली. जयराम हे पाहायचा आणि मनात म्हणायचा, टाळ नीट नाही वाजला तरी चालेल देवा, ही सेवा तेवढी रुजू करून घे.

होळीला थोडे दिवस उरले होते. जयराम एसटीनं सुरगाण्याला आणि तिथून जीपच्या टपावर बसून पाड्यावर पोचला. दारात देवराम काका, म्हणजे कुसाबाईचा नवरा, काळा चष्मा घालून खाटेवर बसला होता.

"ये रं जयराम! त्या उंबरावर बघ. व्हला बसलाय. मला हितनं दिसतो!" देवराम ओरडला. "नुसता व्हला नाय, त्याची चोच दिसती."

"सकाळधरनं त्यो त्या व्हल्याचीच गोष्ट सांगतो," आतून कुसाबाई म्हणाली. "व्हला कवाच उडून गेला असंल."

जयराम आत गेला. मावशी सुपात नागली घेऊन बसली होती आणि बोटांनी चाचपून खडे काढत होती. तिनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी.

"मावशी! तुला नाही नेलं गाडीतून?"

"मला थेंब दिले."

"असं कसं? तुझे डोळे तर काकाच्या आधीचे पिकलेत."

"तुझी मशीन बाईमाणसाला घेत नाय, बाबा," कुसाबाई सूप खाली ठेवत म्हणाली. चिडून नाही, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. "पाड्यात कुणालाबी इचार. म्हातारे गेले गाडीत, म्हाताऱ्या घरी."

"मावशी, मशीनला बाई-पुरुष काय कळतंय? मी लिहिलीय ना ती. त्यात असलं काहीसुद्धा नाही."

"मंग तिला शिकवलं कुणी?"

बाहेरून देवराम म्हणाला, "म्हाताऱ्या गेल्या तर भाकर कोण थापंल? मशीन लय शहाणी हाय!"

"दिसाय लागलं ते सगळं जिभंवर आलं व्हय तुझ्या?" कुसाबाईनं उत्तर दिलं, आणि मग हळूच म्हणाली, "जयराम, डावा डोळा आताशा ठणकतो रं. आतनं कुणी टोचावं तसा."

जयराम वाकून तिच्या डाव्या डोळ्याकडं बघू लागला. संस्थेत येता-जाता डॉक्टरांचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. मोतीबिंदू जास्त पिकला की आतल्या आत फुटतो, डोळ्यातला दाब चढतो, आणि एकदा तसा डोळा गेला की तो जगातल्या कुठल्याच डॉक्टरला परत आणता येत नाही. आणि ऑपरेशनवाली मंडळी बाहेरगावची होती. होळीला ती परत जाणार, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत येणार नाहीत. पुढचा हिवाळा म्हणजे हा डोळा गेलाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं तो नाशकाला. ऑफिसात शिरला, चप्पलही नीट काढली नाही आणि प्रोग्रॅम उघडला. रांगेत एकच नाव घातलं, कुसाबाईचं. फेरा चालवला. प्रोग्रॅमनं तिला अचूक उचललं आणि ऑपरेशनला धाडलं. पुन्हा घातलं, पुन्हा धाडलं. देवरामचं एकट्याचं घातलं, तोही गेला. मग घोडं अडलं कुठं? टाइप करणाऱ्याची चूक असेल म्हणून ते तपासलं. डॉक्टरांनी "पिकलेला" लिहिलं होतं, तसंच टाइप झालं होतं. दुपार झाली, डबा उघडला नाही. देवाला कौल लावावा तशी तो तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत होता.

"दोघांना एकत्र घातलंस का?" शेजारून मीनानं विचारलं.

"एकत्र कशाला? एकेकाला नीट निवडतोय की."

"शिबिरात तुझी मावशी कुठं उभी होती?"

"कुठं म्हणजे? काकाच्या मागं. आमच्याकडं बाई घरधन्याच्या मागंच उभी राहते. म्हातारा-म्हातारी जोडीनं येतात, तो पुढं, ती मागं. नावंही तशीच लागतात."

मीना खुर्चीवरून उठली. "चल खाली. चहा घेऊ."

"मीना, माझी मावशी आंधळी व्हायला आलीय आणि तुला चहा सुचतोय?"

"चहासाठीच चल."

खाली वाळूची टपरी. वाळू म्हणजे गप्पिष्ट माणूस, एका हातानं आलं ठेचायचा आणि दुसऱ्यानं जगाचा न्याय करायचा. फळीवर गिऱ्हाइकांचे ग्लास पडले होते, काही रिकामे, काही भरलेले. मीनानं ते एका ओळीत मांडले. मधोमध दोन रिकामे ग्लास एकामागं एक ठेवले.

"ज्यातला चहा संपला, त्याचा मोतीबिंदू पिकला, असं धर," ती म्हणाली. "हा देवराम काका. त्याच्या मागं ही कुसाबाई. आता तुझा लूप चालव. बोट ठेव."

जयरामनं पहिल्या ग्लासावर बोट ठेवलं. भरलेला. पुढं. भरलेला. पुढं. देवराम आला, रिकामा. जयरामनं तो उचलून बाजूला ठेवला.

"थांब," मीना म्हणाली. "कॉम्प्युटरची रांग मध्ये भोक ठेवत नाही." आणि तिनं मागचे सगळे ग्लास एकेक जागा पुढं सरकवले. कुसाबाईचा ग्लास सरकून बरोबर देवरामच्या जागी आला. "आता तुझं बोट कुठं जाईल?"

"पुढच्या जागेवर," जयराम म्हणाला आणि बोट पुढं नेलं.

नेलं, आणि तिथंच थिजला. बोटाखाली भलताच ग्लास होता. कुसाबाई आता बोटाच्या मागं राहिली होती. तिच्यावर बोट टेकलंच नव्हतं. कुणी तिला नाकारलं नव्हतं. तिच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

"अगं आई," जयराम पुटपुटला. "पंगत!"

"काय?"

"आमच्या सप्त्यात पंगतीचा नियम आहे. वाढणं चालू असताना मधूनच कुणी उठायचं नाही. एकदा एक पाहुणा उठला, लोक सरकून बसले, आणि माझ्या वरणातून एक म्हातारा सुटला. मी समजत होतो, सगळ्यांना वाढलंय. म्हाताऱ्यानं कोरड्या भातावर बसून सगळ्या पंगतीपुढं माझी आय-माय काढली. तेव्हापासून मी पंगत हलू देत नाही. आणि इथं, मीना, इथं वाढताना मीच माणसं उठवत होतो!"

पाहा बरं, कसं आहे ते. मांडवात जो माणूस हा नियम जिवापाड पाळायचा, तोच खुर्चीवर बसल्यावर तो नियम विसरला होता. देवळाली कॅम्पला हे कळलं नाही, कारण तिथं पुरुषांची रांग निराळी, बायकांची निराळी, आणि पिकल्या डोळ्यांची माणसं विखुरलेली. जयरामनं घरी बसून जी खोटी नावं करून प्रोग्रॅम तपासला होता त्यांतही एक पिकला, एक कच्चा, एक पिकला, एक कच्चा, असा त्यानं छान रांगोळीसारखा मेळ घातला होता. डोंगरात मात्र म्हातारा-म्हातारी जोडीनं आली, दोघांचे डोळे जोडीनं पिकलेले, आणि नवरा उचलला की बायको सुटली. पुरुषामागं पुरुष उभा होता तिथं पुरुषही सुटले. पण जास्त सुटल्या त्या मागं उभ्या राहणाऱ्याच.

मीनानं ग्लास परत पहिल्यासारखे मांडले आणि टपरीकडं वळून म्हणाली, "वाळूभाऊ, रिकामे तेवढे न्या."

वाळूनं दोन्ही हातांनी रिकामे ग्लास गोळा केले. देवरामही गेला, कुसाबाईही गेली. एकही रिकामा मागं राहिला नाही.

"मी त्यांना सांगितलं का, आधी पहिल्यावर बोट ठेवा, मग दुसऱ्यावर?" मीना म्हणाली. "कुठला ग्लास कुणाच्या मागं आहे, ते तरी सांगितलं का? रिकामं असणं ही ग्लासाची गोष्ट आहे, जयराम, जागेची नाही. तसंच डोळा पिकणं ही कुसाबाईची गोष्ट आहे. ती कुणाच्या मागं उभी आहे याच्याशी तिचा काय संबंध? म्हणून मी रांगेला हात लावत नाही. जुनी रांग जशीच्या तशी राहते. मी फक्त म्हणते, यातले जे असे असतील ते द्या. त्यांची नवी रांग तयार होते."

"ताई, हा अर्धा प्यालेला आहे," वाळू मध्येच म्हणाला. "रिकामा धरू का भरलेला?"

मीना खळखळून हसली. "बघ! खरा प्रश्न वाळूभाऊंनी विचारला. डोकं लावायचं ते तिथं. कुणाला पिकलेला म्हणायचं, ते नीट ठरवायचं. बोट कुठं ठेवायचं यात आपली अक्कल कशाला खर्चायची?" मग जरा थांबून म्हणाली, "माझे बाबा गायनपार्टीत ओळ टाकतात ना, तेव्हा मागच्या एकेकाजवळ जाऊन 'आता तू म्हण, आता तू म्हण' असं करत नाहीत. ओळ टाकतात, मागचे सगळे उचलतात."

जयरामच्या डोळ्यांपुढं कीर्तन उभं राहिलं. बुवा हात वर करतात, आणि हारीतले सगळे टाळ एका क्षणी पडतात. कधी कुठल्या बुवांनी टाळकरी मोजत फेरी मारली आहे का? इतकी वर्षं तो त्या हारीत उभा होता आणि ही गोष्ट त्याला विहारातल्या गायकाच्या लेकीनं दाखवावी! त्याला तिचा हेवा नाही वाटला. सुंदर चाल ऐकली की माणूस नकळत हात जोडतो, तसं त्याचं झालं.

पण अभिमान लोचट असतो, हात जोडले तरी सुटत नाही. वर गेल्यावर तो म्हणाला, "मीना, तुझी रीत गोड आहे. पण माझा लूपही सुधारता येईल. मी शेवटून सुरू करतो. मागून पुढं येत गेलं, की जे सरकतील ते आधीच पाहून झालेले असतील. कुणी सुटणार नाही."

मीनानं क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. चालेल. पण तू उलटा का चाललास, ते तुझ्या मनात आहे. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नाही."

"माझ्या मनात आहे ना? पुरे झालं."

त्यानं फेरा उलटा केला, सगळ्या शिबिरांच्या जुन्या रांगा घालून पाहिल्या, आणि कुसाबाईचं नाव ऑपरेशनच्या रांगेत आलेलं बघून देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला विंचूरच्या कांदामार्केटात एक मशीन दुरुस्त करायला जायचं होतं. सुटलेले सापडावेत म्हणून ऑपरेशनची सगळी यादी नव्यानं काढून संस्थेला पाठवायचं काम मनोजसरांनी स्वतःकडं घेतलं.

विंचूरहून परतला तेव्हा ऊन अजून कलायचं होतं. टेबलावर यादीची प्रत पडली होती. त्यानं सहज उचलली, वरून खाली वाचली, खालून वर वाचली. कुसाबाई नव्हती.

"सर, ही यादी कशी काढली?"

"तुझ्याच प्रोग्रॅममधून," मनोजसर म्हणाले. "फक्त एक गोष्ट नीट केली. तू घाईत फेरा उलटा लिहिला होतास. शेवटून पहिल्याकडं. उलटं कोण चालतं रे? सरळ करून टाकला."

जयरामनं मीनाकडं पाहिलं. "मी सांगितलं होतं," एवढं म्हणायचा तिला पुरता हक्क होता. ती म्हणाली नाही. मंडळी, विद्या पुष्कळांकडं असते. अशा वेळी गप्प बसणं फार थोड्यांकडं असतं.

आणि सरांवर तरी काय रागवायचं? वाकडं दिसलं, ते त्यांनी सरळ केलं. कुठलाही भला माणूस हेच करेल. जयरामला त्या क्षणी कळलं, की आपण उपाय केला नव्हता, उपाय स्वतःच्या डोक्यात लपवून ठेवला होता. त्यानं मनोजसरांना ग्लासांची सगळी हकिगत सांगितली, आणि मग मीनाच्या टेबलाजवळ जाऊन म्हणाला, "तुझी ओळ लिही. संस्थेची शेवटची गाडी उद्या सकाळी डोंगरात जातेय."

मीनानं लिहिलं. मनोजसर तिच्या खुर्चीमागं उभे राहून मोठ्यानं वाचू लागले. ती भाषा कॉम्प्युटरची, पण मराठीत तिचा अर्थ इतकाच होता: या सगळ्यांमधून, ज्यांचा मोतीबिंदू पिकलेला आहे आणि ज्यांना भूल चालते, ते.

"आणि लूप कुठाय?" सरांनी विचारलं.

"आत आहे, सर. पण तो आपण चालवायचा नाही."

"आणि हे मी उद्या सरळ करायला गेलो तर?"

"करून बघा," मीना म्हणाली. "सरळच आहे."

मनोजसरांनी पुन्हा एकदा ओळ वाचली. एखादी जागा दाद देण्यासारखी आली की जाणता श्रोता मान डोलावतो, तशी त्यांची मान डोलली. नवी यादी निघाली. तीत कुसाबाई होती, आणि डोंगरातल्या पाड्यापाड्यांवरच्या कितीतरी बायका होत्या. सरांनी स्वतः फोन उचलला. "डॉक्टरसाहेब, चूक आमची आहे. डोळ्यांची नाही, मोजणाऱ्याची. काही माणसं तपासायचीच राहिली. उद्या आणली तर कराल का?" पलीकडून काय बोलणी बसली ती त्यांनी मुकाट ऐकून घेतली. फोन ठेवून म्हणाले, "आणा म्हणतात. होळीला घरी जायचं थांबवतायत."

सकाळी संस्थेची गाडी निघाली, तिच्यात जयराम आणि मीना. दर पाड्यावर गाडी थांबायची, मीना उतरून नाव पुकारायची. पहिल्यांदा कुणी पुढं यायचं नाही. आपलं नाव कुणी पुकारेल याची त्या बायांना सवयच नव्हती.

"माझ्या घरधन्याचं झालंय," एक म्हातारी म्हणाली. "तुमी चुकला."

"चुकलोच होतो, आजी. म्हणून आलोय. आज तुमचं नाव आहे."

कुसाबाई जयरामचा हात धरून गाडीत चढली. देवराम तिचं गाठोडं घेऊन मागं. "मशीन सुधारली म्हण की," तो म्हणाला. "आता भाकर मला थापावी लागंल."

"थाप की. व्हल्याची चोच दिसती, तर भाकर बी दिसंल."

गाडी हलणार तेवढ्यात कुसाबाईनं दांडीवर हात मारला. "थांबा. भागुबाई आली का? शिबिरात ती आमच्या जवळच हुती, तिच्या नवऱ्याच्या मागं." भागुबाई त्याच पाड्यावरची, शेवटच्या घरातली. यादीत तिचं नाव होतंच. तिला चालत यायला वेळ लागत होता. तिचा नवरा सगळ्यात आधी ऑपरेशन होऊन आला आणि डोळे बरे झाले तसा खाली द्राक्षाच्या मळ्यांत कामाला निघून गेला होता. ती एकटीच भिंतीला धरून आली. डोक्याला फडकं करकचून बांधलं होतं. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही, पण गाडी खड्ड्यातून गेली की ती कपाळ दाबून धरायची. मीनानं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं ते नाशिक येईपर्यंत.

ऑपरेशनं झाली. पट्ट्या सोडायच्या दिवशी सगळ्या बाया एका बाकावर बसल्या होत्या. कुसाबाईची पट्टी सुटली. तिनं डोळे किलकिले केले, समोर उभ्या देवरामला वरून खाली न्याहाळलं, आणि म्हणाली, "एवढा म्हातारा झालास व्हय रं? सांगायचं तरी!" सगळा वॉर्ड हसला. मग तिनं जयरामला जवळ ओढलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि किती तरी वेळ नुसती बघत राहिली. जयरामनं वळून मीनाकडं बोट केलं. "मावशी, तुला शोधलं ते तिनं." कुसाबाईनं मीनाच्या तोंडावरून हात उतरवून बोटं कडाकडा मोडली.

भागुबाईचा डावा डोळा उघडला. उजवा नाही उघडला. मोतीबिंदू आत फुटून गेला होता, दाबानं डोळा आतून विझला होता. थोडं आधी आली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तसंच सोडलं. जयराम तिच्यापुढं उकिडवा बसला. "आजी, ती मशीन माझी होती. माझ्यानं तू सुटलीस." भागुबाईनं एका डोळ्यानं त्याला नीट पाहिलं. "तू कुसाबाईचा ना? जेवलास का?" एवढंच विचारलं. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मीनाची ती ओळ पुढं किती तरी शिबिरांत चालली, आणि जयराम तिच्याकडून ती रीत मांडी घालून शिकला. अजूनही तो लूप लिहितो. लूप वाईट नव्हे. पण चालता चालता रांग मोडायची नाही, हे तो आता कुणालाही ग्लास मांडून समजावतो. मीनाचं नाव घ्या, असं तुम्हाला सांगायला नको. ज्यांना दृष्टी मिळाली ती माणसं ते घेतातच. माझं मागणं निराळं आहे. घरी गेलात, देवापुढं हात जोडलेत, की त्या शेवटच्या घरातल्या भागुबाईची आठवण करा. तिचं नाव उशिरा पुकारलं गेलं.